मल्टिपाथवर काढलेला कापसाचा हंगाम

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगचा लिनक्स सर्व्हर माझ्याकडे आहे. काट्यावरची वजनं, गाठींच्या नोंदी, शेतकऱ्यांचे चुकारे, सगळं आयस्कझीने (नेटवर्कवरून दूरची डिस्क वापरायची पद्धत) जोडलेल्या एका स्टोरेजवर. दिवाळीआधी त्याला मल्टिपाथ, म्हणजे स्टोरेजपर्यंतच्या एकापेक्षा जास्त वाटा सांभाळणारी सोय, लावलं. आता फरदडीचा कापूस येतोय, तेव्हा अनुभव सांगायला हरकत नाही.

लावणं अवघड नाही. दोन वाटांमुळे एकच डिस्क एसडीबी आणि एसडीसी अशी दोनदा दिसते. दोन्हींचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कचा ओळखक्रमांक) सारखा असतो, त्यावरून मल्टिपाथ त्यांचं एकच डिव्हाइस करतं. माउंट करायचं ते हेच. नावही 'एमपाथए' न ठेवता आपल्या कामाचं द्यावं.

खरी गोम टाइमआउटमध्ये आहे. आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट मुळात १२० सेकंदांचा असतो. वाट तुटली तरी तेवढा वेळ आयस्कझी काम अडवून धरतं आणि मल्टिपाथला चूक कळतच नाही. हंगामात काट्यावर दोन मिनिटं काम थांबलं की गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते. मी तो ५ वर आणला. लक्षात ठेवा, आयस्कझीडीच्या (आयस्कझीच्या सेवेच्या) कॉन्फ फाइलमधला बदल आधी नोंदलेल्या टार्गेटला (स्टोरेजच्या बाजूच्या टोकाला) लागत नाही. तिथे आयस्कझीअ‍ॅडम या कमांडने वेगळा बदल करून पुन्हा लॉगिन करावं लागतं.

दोन्ही वाटा गेल्या तर? 'क्यू' (वाट परत येईपर्यंत काम रांगेत) ठेवलं तर प्रोग्रॅम अनंतकाळ लटकतात, 'फेल' ठेवलं तर चूक लगेच फाइलसिस्टमवर आदळते. मी नो-पाथ-रिट्राय (एकही वाट नसताना किती वेळा पुन्हा तपासायचं) १२ ठेवलंय; ५ सेकंदांच्या तपासणीने साधारण मिनिटभराची सवड मिळते. पण दोन्ही स्विच एकाच यूपीएसवर असतील तर लाईन गेल्यावर ही सवड किती पुरणार? आमच्याकडे स्विचही वेगळे आणि यूपीएसही वेगळे आहेत, आणि तो खर्च मला कॉन्फिगरेशनइतकाच मोलाचा वाटतो.

हंगामाच्या ऐन भरात रुईच्या धुळीने एका स्विचचा पंखा जाम झाला आणि स्विच बंद पडला. काटा चालूच राहिला, चुकारेही झाले. यासाठी मी मल्टिपाथला पूर्ण गुण देतो. तक्रार एवढीच, की एक वाट मेल्याचं लॉगशिवाय ते कुणालाच सांगत नाही. म्हणून दर काही मिनिटांनी 'मल्टिपाथ -एलएल' ही वाटांची स्थिती दाखवणारी कमांड चालवून 'फॉल्टी' शब्द शोधणारी आणि दिसताच मोबाइलवर मेसेज टाकणारी छोटी स्क्रिप्ट लावलीय. ती नसेल तर सर्व्हर एकाच वाटेवर चालत राहील आणि पत्ताही लागणार नाही.