फोर्ड कॅप्री १६०० जीटी: बॅज वाचू नका, भोकं बघा

मार्क वन, म्हणजे पहिल्या पिढीची कॅप्री घ्यायची तर आधी अक्षरं शिकावी लागतात. १९६९ साली गाडी आली तेव्हा फोर्डने सजावट पॅक करून विकली. एल म्हणजे बाहेरचा थाट: बाजूला चकचकीत पट्ट्या, मागच्या चाकापुढे हवा घेण्याचं नुसतं सोंग करणाऱ्या जाळ्या, कुलूपवालं पेट्रोलचं झाकण. एक्स म्हणजे आतली चैन: मागे रेलणाऱ्या पुढच्या सीट, दोन हॉर्न. आर फक्त जीटीवर, म्हणजे जोरदार इंजिनाच्या मॉडेलवरच मिळायचा: स्पोर्ट्स चाकं, लेदरचं स्टिअरिंग, मॅट काळं बॉनेट. तिन्ही घेतले की एक्सएलआर.

माझी १९७१ची. इथे इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला गेल्या हिवाळ्यापासून चालवतोय. जाहिरातीत ‘अस्सल एक्सएलआर’ लिहिलं होतं. जीटी खरी निघाली, कारण डॅशबोर्डवर दोन मोठे आणि चार छोटे असे सहा काटे जागच्या जागी होते. हॉर्न मात्र एकच वाजला. वाकून ग्रिलमागे टॉर्च मारला, तर दुसऱ्या हॉर्नची गंजलेली पट्टी आणि तुटकी वायर लोंबत होती. म्हणजे एक्सही खरा! आर मात्र उपरा. बॉनेटच्या कडेला काळा रंग नखाने निघत होता, आणि आर पॅकमधल्या नकाशा बघायच्या दिव्यासाठी कधी भोकच पाडलेलं नव्हतं. विकणाऱ्याने बरीच कुरकुर केली, पण त्या एका अक्षराचे पैसे मी दिले नाहीत.

बॅज आणि चाकं नवी मिळतात, कोणीही लावतं. चार गोल हेडलाइट दिसले तरी भुलू नका. ब्रिटनमध्ये ते १९७२च्या बदलानंतरच्या वरच्या मॉडेलांचे. त्या बदलात मागचे दिवेही मोठे झाले, तेव्हा ते लहान असतील तर तोंड बदललंय असं समजा.

चालवायला? कोरड्या रस्त्यावर मजा, पावसात राउंडअबाउटवर मागची बाजू हळूच निघते. चार गिअर, त्यामुळे मोटरवेवर इंजिन ओरडतं. पेट्रोल ई५ (कमी इथेनॉलचं) भरतो, कारण जास्त इथेनॉलचं ई१० जुन्या रबरी नळ्या खातं. गाडीने चाळिशी ओलांडलेली असल्याने रोड टॅक्स नाही, एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) सक्तीची नाही, लंडनचा उलेझ हा प्रदूषणाचा आकारही माफ. तरी मी एमओटी करून घेतो, कारण सस्पेन्शनच्या वरच्या टोकाशी पत्रा कधी सडेल याचा नेम नाही. घेताना तिथली आणि सिलची (दाराखालच्या पत्र्याची) तपासणी आधी, अक्षरं नंतर. गणपतीत गाडी नेली की पहिला प्रश्न ठरलेला: किती देते? गॅलनला पंचवीसेक मैल, काका.

सध्या दुसरा हॉर्न शोधतोय. ‘मागचा रेलणारा’ बाक म्हणून एकाने भलत्याच गाडीची सीट विकायला काढली होती. एक्स पॅकच्या कॅप्रीत मागची सीट बसायला आकार दिलेली असते, रेलत नाही.