दातातली लांबी: एका रंगाऱ्याचा अभिप्राय

पंचवीस वर्षं भिंतींच्या भेगा बुजवतोय. त्यामुळे दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आ वासून पडलो तरी डोक्यात लांबी (म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी), प्रायमर आणि ओल हेच. माझ्या तोंडात तीन प्रकारची फिलिंगं आहेत, म्हटलं लिहून टाकावं.

सगळ्यात जुनी, खालच्या दाढेतली ‘चांदी’. नाव चांदीचं, पण वजनाने जवळजवळ निम्मा पारा. बाकी चांदी, कथील आणि तांबं. ही दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते. म्हणून खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरावा लागतो, आणि त्यात थोडा चांगला दातही जातो. दिसायला काळीकुट्ट. पण १९ वर्षं झाली, हललेली नाही. एकदा अ‍ॅल्युमिनियमच्या वेष्टनाचा तुकडा तिच्याखाली आला, तेव्हा कानापर्यंत झिणझिणी गेली होती, एवढीच तक्रार. पाऱ्यामुळे युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अपवाद वगळता हिचा वापर बंद केला. ते वाचून मी काढून टाकायला निघालो होतो. डॉक्टर म्हणाले, शाबूत आहे, कोरायला गेलो तर उलट पाऱ्याची वाफ निघेल आणि दातही जाईल. ठेवली.

दुसरं वरच्या उपदाढेतलं कंपोझिट, म्हणजे राळ आणि काचेची बारीक पूड. याच्याबद्दल जास्त लिहितो, कारण हे दोनदा भरावं लागलं. पहिल्या ठिकाणी घाई होती. कापसाचे दोन बोळे ठेवले, मध्येच लाळ आली, पुसली आणि भरलं. ओल्या भिंतीवर मी लांबी लावली असती तर मालकाने मजुरी दिली नसती! तीन वर्षांत कडेला तपकिरी रेघ आली आणि थंड पाणी लागलं की कळ.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी दाताभोवती रबराचा पडदा ताणला. मग फॉस्फोरिक आम्लाची जेल लावून धुतली, त्यावर बाँड, म्हणजे चिकटवणारा द्रव, मग कंपोझिटचे थर. एक थर साधारण दोन मिलिमीटरचा, त्यावर निळा दिवा, मग पुढचा. जाड थर एकदम मारला तर दिव्याचा उजेड तळापर्यंत पोचत नाही आणि खालचा माल कच्चा राहतो. शिवाय हे घट्ट होताना आकसतं. ते आम्ल दाताचा पृष्ठभाग खरखरीत करतं, आमच्या पॉलिश पेपरसारखं. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर या अमेरिकन दंतवैद्यांनी ही युक्ती मांडली, आणि ती त्यांना सुचली होती धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात त्यावरून. म्हणजे मूळची आमच्याच धंद्यातली! घरी आल्यावर बधिरपणा उतरला तेव्हा दात उंच लागला. दुसऱ्या दिवशी निळा कागद चाववून पाच मिनिटांत घासून दिलं.

तिसरं ग्लास आयोनोमर, हिरडीजवळ, जिथे मी ब्रश रगडून रगडून दात झिजवला होता. हे विल्सन आणि केंट या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी शोधलेलं सिमेंट. दाताला रासायनिक पद्धतीने आपणहून धरतं, त्यामुळे फारसं कोरावं लागत नाही, आणि हळूहळू फ्लोराइडही सोडतं. भरल्यावर डॉक्टरांनी चक्क वार्निशचा हात मारला, सुरुवातीला ओल लागू नये म्हणून. पण माल लेचापेचा. चौथ्या वर्षी कोपरा उडाला, रंगही फिकट-निर्जीव. चावायच्या मोठ्या दाढेला मी तरी हे भरून घेणार नाही.

कंपोझिटवाल्या डॉक्टरांवर माझा एक राग मात्र आहे. इतकं सगळं जिवापाड केलं आणि रंगाचा नमुना जुळवला तो पडदा लावून दात कोरडा झाल्यावर. कोरडा दात पांढरा दिसतो. लाळ लागली आणि दात मूळ रंगावर आला, फिलिंग तिथेच राहिलं. दोन छटांचा फरक आहे. बायको म्हणते, दिसतसुद्धा नाही. मला रोज सकाळी आरशात तेवढंच दिसतं.