मंडईजवळचं काष्ठौषधीचं दुकान, पुणे : माल अस्सल, आणि नको त्याला नाही पण म्हणतात

फार्मसी कॉलेजला प्रॅक्टिकल्स घेते त्यामुळे साली, मुळ्या, बिया सारख्या लागतात, आणि ऑनलाइन मागवलं की काय येईल त्याचा भरवसा नाही. मागे एका साइटवरून कडू इंद्रजव मागवले तर गोड इंद्रजव पाठवले. पाकिटात दिसायला सारखेच, पण कडू म्हणजे पांढऱ्या कुड्याच्या बिया आणि गोड म्हणजे काळ्या कुड्याच्या, झाडंच वेगळी! आवेवर आपल्याकडे जुन्या बायका जो कुडा देतात तो पांढरा, त्यातलं कोनेसिन नावाचं अल्कलॉइड (वनस्पतीतलं नायट्रोजन असलेलं, अंगावर परिणाम करणारं द्रव्य) आव करणाऱ्या अमिबावर काम करतं.

इथे दुकानातल्या काकांनी बरणी उघडून दोन बिया हातावर ठेवल्या, म्हणाले "चावून बघा मॅडम". वर चहा प्यायले तरी तो कडूपणा जाईना. कुड्याची साल पण तिथूनच घेतली, कॉलेजात पातळ अ‍ॅसिडमधे उकळून गाळली आणि अल्कलॉइड ओळखायचं ड्रॅगेनडॉर्फ नावाचं रसायन थेंबभर टाकलं, लगेच नारिंगी साका! पोरं एकदम खूश.

पण पाच स्टार देतेय ते वेगळ्याच कारणासाठी. माझ्यासमोर एक जण गुडघेदुखीसाठी कुचला मागत होता, यूट्यूबवर बघून आलेला, काकांनी सरळ सांगितलं वैद्यांची चिठ्ठी आणा मगच. बरोबरच आहे, कुचल्यात स्ट्रिक्नीन असतं, झटके येऊन माणूस जातो. झाडपाल्याचं आहे म्हणजे अपाय नाही हे लोकांच्या डोक्यातून कधी जाणार काय माहीत. अल्कलॉइड अगदी थोड्या मात्रेत जोरात काम करतात, म्हणून तर त्यांची औषधं होतात. अंगणातल्या सदाफुलीतलं व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरवर आजही देतात, पण ते शुद्ध करून, मोजून, शिरेतून, आणि इकडे लोक शुगरसाठी पानं चघळतात!! सर्पगंधेचं पण तेच, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ मधे ब्रिटिश हार्ट जर्नलला ब्लडप्रेशरवरचे रिझल्ट छापले, मग १९५२ मधे मुळीतून रेसरपिन हे अल्कलॉइड वेगळं काढलं, तेव्हा कुठे नीट डोस ठरवता आला.

नरक्या नावाच्या झाडाचा माल मात्र काका ठेवत नाहीत. त्यातल्या कॅम्प्टोथेसिन या अल्कलॉइडपासून टोपोटिकॅन, इरिनोटिकॅन ही कॅन्सरची औषधं बनतात आणि त्यापायी सह्याद्रीतली झाडं चोरून तोडली जातात, काका म्हणाले असला माल मला नको. ऐकून फार बरं वाटलं.

तक्रार एकच, पुडीवर नुसतं नाव असतं, माल कुठला, कधीचा काहीच लिहीत नाहीत, ते लिहायला पाहिजे. पार्किंग विसरा. आणि जाणार असाल तर तयार पावडर घेऊ नका, अख्खी साल बघून घ्या, समोर कुटून देतात.