व्हीमॉड तपासायचं: वार्निशटेस्ट की कर्ल?

नागपूरच्या मिहानमधल्या एका दोस्ताने वार्निश या वेब-कॅश सर्व्हरसाठी सी भाषेत व्हीमॉड, म्हणजे त्याला जोडायचं मॉड्यूल, लिहिलंय. आता ते तपासायला वार्निशटेस्ट हे वार्निशचंच चाचणी-टूल वापरावं की स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर) कर्ल या कमांड-लाइनवरून वेब-विनंत्या पाठवणाऱ्या टूलची स्क्रिप्ट, हा त्याचा पेच.

मेहनत पाहिली तर कर्ल सोपं; वार्निशटेस्टची चाचणी-स्क्रिप्ट, म्हणजे व्हीटीसी फाइल, लिहायला शिकताना डोकं खाते. पण आडवळणाच्या केसेस वार्निशटेस्टमध्येच नीट पकडता येतात. हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) नसेल तर व्हीमॉडला नल (म्हणजे काहीच नाही) मिळतो, रिकामा असेल तर रिकामी स्ट्रिंग. कर्लमध्ये रिकामा हेडर पाठवायला नावापुढे अर्धविराम लागतो. नुसता कोलन दिला तर हेडर जातच नाही, आणि टेस्ट मात्र पास! शिवाय वार्निशटेस्टमध्ये वर्कस्पेस (विनंतीसाठी राखलेली मेमरी) मुद्दाम कमी करून कोड कोसळतो का तेही बघता येतं. स्टेजिंगवर हे करणं म्हणजे नुसता ताप.

पैसे कशालाच लागत नाहीत.

व्हीमॉड इतरांना द्यायचं असेल तर वार्निशटेस्टच. आपल्याच साइटची कुकी, कॅशिंग तपासायला कर्ल पुरे.