जुना फ्लॉपी ड्राइव्ह दुरुस्त करावा की गोटेक बसवावा?

सांगलीतल्या एका निवृत्त सरांकडे बीबीसी मायक्रो आहे, १९८४ च्या 'क्लास' या संगणक-शिक्षण योजनेतून शाळांत आला तोच संगणक. त्याचा सव्वापाच इंची ड्राइव्ह फिरतो, पण वाचत नाही. तो दुरुस्त करावा की त्याच्या जागी बसणारा, पेनड्राइव्हवरच्या फाइलींतून फ्लॉपीची नक्कल करणारा गोटेक लावावा, हा त्यांचा प्रश्न.

मेहनत दुरुस्तीतच जास्त. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड, म्हणजे फ्लॉपी वाचणारा भाग, पुसा, तो ज्यावर सरकतो त्या रुळांवरचं घट्ट झालेलं ग्रीस काढा. कित्येकदा एवढंच पुरतं. मग वेग बघा, मिनिटाला ३०० फेरे हवेत. ड्राइव्हच्या फिरत्या चाकावर वेग तपासायच्या पट्ट्यांची कडी असेल, तर चोकवाल्या जुन्या ट्यूबलाइटखाली ५० हर्ट्झची कडी स्थिर दिसली पाहिजे. हेड सरकवणाऱ्या स्टेपर मोटरचे स्क्रू मात्र सैल करू नका. हेडची जुळणी एकदा बिघडली की ती परत आणणं फार अवघड.

गोटेक विकत घ्यावा लागतो. पण ३४ पिनांची केबल, ५ व्होल्ट, पेनड्राइव्ह आणि गोटेकच्या आत चालणारं, मोफत मिळणारं फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर, एवढ्यात काम होतं.

टिकाऊपणात गोटेकच सरस, त्यात फिरणारी तबकडी किंवा पट्टा नाही. कृष्णाकाठच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी लागते. २०१९ च्या पुरात भिजलेली फ्लॉपी तर स्वच्छ केल्याशिवाय आत घालूच नका. घाण हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते.

पण गोटेक खरी फ्लॉपी वाचत नाही. सरांकडे विद्यार्थ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम फ्लॉप्यांवर आहेत, म्हणून त्यांनी आधी ड्राइव्हच दुरुस्त करावा आणि सगळं उतरवून घ्यावं. ज्यांना फक्त संगणक रोज चालवायचा आहे, त्यांनी सरळ गोटेक घ्यावा.