डॅड्स हॅट राय: मक्याविना व्हिस्की

राय म्हणजे मोहरी नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण बाटली टेबलावर ठेवल्या ठेवल्या आमच्या वन्संनी तेच विचारलं. गव्हाच्या गोतातलं, कडाक्याच्या थंडीत तग धरणारं धान्य आहे ते. मी घरी त्याचा पाव करते. पीठ इतकं चिकट की मळणं राहतं बाजूला, बोटं सोडवण्यातच वेळ जातो. व्हिस्कीवाल्यांनाही हाच ताप. रायचा घोळ लापशीसारखा दाटतो आणि आंबताना फेसाने वर येतो.

एवढा उपद्व्याप सोसून या धान्याची चव बाटलीत उतरते का, हे मला बघायचं होतं.

अमेरिकेत लेबलावर 'राय व्हिस्की' लिहायला 51 टक्के राय पुरते. केंटकीच्या बऱ्याच बाटल्यांत राय जेमतेम तेवढीच आणि उरलेल्या जागी भरपूर मका. म्हणून त्या बर्बनच्या, म्हणजे मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकन व्हिस्कीच्या, मावसबहिणी वाटतात. पेनसिल्व्हेनियाची जुनी रीत वेगळी: भरपूर राय, जोडीला बार्लीचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), मका नाही. मोनोंगाहेला नदीच्या खोऱ्याचं नाव या व्हिस्कीला पडलं. 1791 च्या दारूवरच्या अबकारी करावरून बंड पेटलं तेही याच भागात. 1794 मध्ये ते मोडायला राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने सुमारे 13 हजारांची फौज जमवली. पुढे दारूबंदी आली (1920 ते 1933) आणि हा धंदा पुन्हा पूर्वीसारखा सावरलाच नाही. 1810 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्याच वेस्ट ओव्हरटनला सुरू झालेली 'ओल्ड ओव्हरहोल्ट' राय आज केंटकीची कंपनी बनवते. माहेरचं नाव तेवढं उरलं.

डॅड्स हॅट 2011 मध्ये सुरू झाली. संस्थापकांपैकी हर्मन मिहालिच मोनोंगाहेलाकाठच्या मोनेसनचे. घरचाच बार होता. डिस्टिलरी मात्र राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डेलावेअर नदीवरच्या ब्रिस्टलमध्ये, एका जुन्या कापड गिरणीत. कट्टर लोक यावर नाक मुरडतील. मुरडू देत. मिश्रण बघा: 80 टक्के राय, 5 टक्के रायचा माल्ट, 15 टक्के बार्लीचा माल्ट. मक्याचा दाणाही नाही.

मी दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून प्यायले. पहिली साधी, 45 टक्के अल्कोहोलची, लहान पिंपांत किमान सहा महिने मुरलेली. वासाला अगदी माझ्या आंबवलेल्या पिठासारखी, वर पुदिना. जिभेवर उडी मारते. नुसती प्यायला मला कोवळी वाटली, पण मॅनहॅटन कॉकटेलमध्ये गोड व्हर्मुथपुढे (मसालेदार वाइनपुढे) दबत नाही. तिचं काम तेच.

खरी मजा 'स्ट्रेट राय'मध्ये, 47.5 टक्के. 'स्ट्रेट' म्हणवायचं तर आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात किमान दोन वर्षं काढावी लागतात, आणि ते लगेच कळतं. पहिल्या घोटाला गोडवा शोधाल तर फसाल. आधी कोरडेपणा, मग मिरी, बडीशेप, संत्र्याच्या सालीचा कडवटपणा आणि पावाच्या करपलेल्या कडेची चव. गोडी येते ती सगळ्यात शेवटी, आवळा खाऊन पाणी प्यावं तशी. चमचाभर पाणी घातलं की मिरी मागे सरते आणि धान्य पुढे येतं. बर्फ घालू नका, वास बसतो.

बर्बनच्या व्हॅनिला-कॅरमलची सवय असेल तर ही रुक्ष वाटेल. आमच्या ह्यांना वाटलीच, ते आपल्या नेहमीच्या बाटलीकडे परतले. मी पुन्हा घेईन ती स्ट्रेटच. पेनसिल्व्हेनियात जाऊन घेणार असाल तर एक लक्षात असू द्या, तिथे दारूची दुकानं राज्य सरकार चालवतं. शेजारच्या राज्यांची सवय असलेला माणूस कोपऱ्यावरचं खाजगी दुकान शोधत बसतो. मीही बसले होते.

वन्संनी चमचाभर पाणी घालून दुसरा घोट घेतला, जरा थांबल्या आणि पावाची कृती मागितली.