नवा टेप बसवला आणि स्टेअरिंगची बटणं गेली: कोणत्या गाडीला कोणता उपाय

माझ्या हॅचबॅकमधला कंपनीचा टेप काढून मी नऊ इंची अँड्रॉइड सेट बसवला. पडदा मोठा, नकाशा स्वच्छ, मागचा कॅमेराही झकास. दुकानातून निघालो, गोव्यातल्या साखळीच्या वाटेला लागलो, आवाज कमी करायला डाव्या अंगठ्याने नेहमीचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. परत जाऊन विचारलं तर दुकानदार म्हणाला, "बाहेरचा सेट घातला की स्टेअरिंगची बटणं जातातच, बाब." मी ते खरं मानलं आणि तीन महिने पडद्यावर बोटं फिरवत गाडी चालवली.

ते खरं नव्हतं. माझ्या गाडीत फक्त दोन तारा जोडायच्या राहिल्या होत्या. आता फोंड्याच्या माझ्या भाच्याने जुनी पोलो घेतली आहे, त्यालाही टेप बदलायचा आहे, आणि त्याच्या गाडीत माझा दोन तारांचा उपाय चालणार नाही. एकच अडचण, दोन गाड्या, दोन वेगळी उत्तरं. त्याला निर्णयासाठी जे सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितो.

बटणांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. पडद्यावरचा आवाजाचा पट्टा शोधायला दोन सेकंद नजर खाली गेली, तर 33 मीटर रस्ता न बघता मागे पडतो. चोर्ला घाटात तेवढ्यात समोर वळण येतं, आणि गावातल्या अरुंद रस्त्यावर तेवढ्यात गल्लीतून स्कूटर बाहेर येते. बटणं परत चालू करणं मला चैनीचं काम वाटत नाही.

आधी बटणं कशी बोलतात ते ओळखा

सेट निवडायच्या आधी, दुकान ठरवायच्याही आधी, एक गोष्ट कळायला हवी. तुमच्या गाडीची बटणं रेझिस्टन्सवर चालतात की कॅनबसवर?

पहिल्या प्रकारात प्रत्येक बटणामागे वेगळ्या किमतीचा रेझिस्टर असतो. सगळी बटणं एकाच तारेवर, फार तर दोन तारांवर असतात. बटण दाबलं की त्या तारेवरचं व्होल्टेज ठरावीक आकड्यावर येतं आणि टेप त्यावरून ओळखतो की हा आवाज वाढवायचा, हा पुढच्या गाण्याचा. मारुतीच्या बऱ्याच गाड्या अशा आहेत. टोयोटाच्या टेपमागे एसडब्ल्यू-1, एसडब्ल्यू-2 आणि एसडब्ल्यूजी अशा तीन तारा येतात. त्यातली शेवटची बटणांची स्वतंत्र अर्थ, म्हणजे अर्थिंगची तार.

दुसऱ्या प्रकारात बटणाचा निरोप स्टेअरिंगच्या मॉड्यूलकडे जातो आणि तिथून एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून संदेशाच्या रूपात पसरतो. हीच कॅनबस. बॉशने ती 1986 मध्ये जगापुढे मांडली, तेव्हा हेतू होता गाडीतल्या तारांचं जंजाळ कमी करायचा. पोलो आणि रॅपिड या गोतातल्या. या तारांवर मीटर लावून बटण दाबलं तर रेझिस्टन्सचा आकडा हलत नाही, कारण तिथे बटणाचा निरोप रेझिस्टन्सने नाही, संदेशाने जातो.

ओळखायची रीत सोपी आहे. चावी काढा, टेपमागचा कपलर (तारांचा प्लग) सोडवा, मल्टिमीटर ओममध्ये 20 के वर ठेवा. एक टोक बटणांच्या तारेला, दुसरं बटणांच्या अर्थला. मग कोणाला तरी एकेक बटण दाबायला सांगा. प्रत्येक बटणाला वेगळा आकडा आला की तुमचं काम स्वस्तात होणार. मीटर फक्त टेपच्या कपलरलाच लावा. स्टेअरिंगखालचे पिवळे कपलर एअरबॅगचे असतात. त्यांना मीटरचं टोकही लागता कामा नये. आणि स्टेअरिंग उघडायची गरज यातल्या कुठल्याच उपायाला पडत नाही, कारण बटणांच्या तारा क्लॉक स्प्रिंगमधून, म्हणजे स्टेअरिंगबरोबर फिरणाऱ्या पट्टीच्या गुंडाळीतून, खाली उतरतात आणि त्यांचा निरोप टेपच्या कपलरपर्यंत आधीच पोचलेला असतो. कोणी स्टेअरिंग खोलायला निघाला तर गाडी घेऊन परत या.

दोन तारांचा उपाय आणि ॲडॉप्टर

रेझिस्टन्सवाली गाडी आणि अँड्रॉइड सेट अशी जोडी असेल तर वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. सेटमागे की-1 आणि की-2 अशी चिठ्ठी लावलेल्या तारा असतात. त्या गाडीच्या बटणांच्या तारांना जोडायच्या, सेटिंगमध्ये स्टेअरिंगचं पान उघडायचं, पडद्यावर 'आवाज वाढवा' निवडायचं आणि स्टेअरिंगवरचं तेच बटण दाबून धरायचं. असं प्रत्येक बटणाला शिकवायचं. मला वीस मिनिटं लागली.

यात एक खोच आहे आणि ती मला नंतर कळली. दिवसा सगळं ठीक चालायचं. रात्री हेडलाइट लावले की आवाजाचं बटण दाबल्यावर गाणं बदलायचं. कारण अर्थ. दुकानदाराने सेटची अर्थ डॅशबोर्डमागच्या एका गंजलेल्या स्क्रूला दिली होती. बटणांच्या मागच्या दिव्यांचा प्रवाहही अर्थमधूनच परततो, आणि अर्थ कच्ची असली की दोन्हींकडच्या शून्यात फरक पडतो. सेटला मग शिकवलेला आकडा थोडा सरकलेला दिसतो आणि तो शेजारचं बटण समजतो. कंपनीच्या कपलरमधली अर्थ वापरल्यावर दोष गेला. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, त्यामुळे पिळून चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाच्या तांब्यावर हिरवं चढायला फार दिवस लागत नाहीत. चिकटपट्टीचा गोंद तर एप्रिलच्या उन्हातच पाझरतो. जोड सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी चढवायला सांगा, किंवा नीट क्रिंप करून घ्या. शिकवून झालं की दिवे बंद, दिवे चालू आणि इंजिन चालू अशा तिन्ही वेळा तपासा.

आता गाडी तीच, पण सेट पायोनियर, सोनी, केनवुड किंवा जेव्हीसीचा असेल तर? यातल्या बऱ्याच सेटना बटणांचे आकडे शिकवता येत नाहीत. त्यांना आपल्या कंपनीच्याच खुणा कळतात. पायोनियर आणि सोनीत त्यासाठी मागे 3.5 मिलिमीटरचं भोक असतं, केनवुड आणि जेव्हीसीत निळी-पिवळी तार. गाडीची बोली आणि सेटची बोली यांच्यामध्ये दुभाषी लागतो, तो म्हणजे स्टेअरिंग ॲडॉप्टर. ॲक्सेसचा एएसडब्ल्यूसी-1 नावाजलेला आहे. तो दिवा लुकलुकवून सांगतो की गाडी ओळखली, मग रेडिओ ओळखला. असे ॲडॉप्टर बव्हंशी परदेशातल्या गाड्यांच्या याद्यांवर बेतलेले, आणि किंमतही आयात मालाची.

दोन्ही समोरासमोर ठेवले तर आवाजाच्या दर्जात नावाजलेल्या कंपनीचा सेट स्वस्त अँड्रॉइडच्या पुढे आहे, यात मला शंका नाही. चावी फिरवली की तो लगेच सुरू होतो, उन्हात तापून अडखळत नाही. पण बटणांपुरतं बोलायचं तर अँड्रॉइड सेट फुकटात जे करतो त्याला इथे वेगळे पैसे पडतात. म्हणून सेटचा भाव विचारताना ॲडॉप्टरचा भाव त्यात धरूनच तुलना करा. दुकानदार दोन्ही आकडे क्वचितच एकत्र सांगतो.

कॅनबसची गाडी: इथे काटकसर नको

भाच्याच्या पोलोत प्रश्न बटणांवर थांबत नाही. तिच्या टेपच्या कपलरमध्ये एसीसीची तार, म्हणजे चावीबरोबर चालू-बंद होणारी वीज, नसते. चावी फिरल्याची बातमीही टेपला कॅनवरूनच मिळते. मग घाईतले कारागीर काय करतात, तर सेटची लाल तार पिवळ्या तारेला, म्हणजे कायमच्या विजेला, बांधून देतात. सेट चालतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण चावी काढली तरी सेट पुरता झोपत नाही. समजा तो अर्धा अँपिअर ओढत राहिला, तर 45 अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी 90 तासांत रिकामी, आणि गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या कितीतरी आधी येते. मोपा विमानतळावर गाडी ठेवून चार दिवस मुंबईला जाऊन आलेल्या माणसाला हे परतल्यावर कळतं.

इथे योग्य उपाय म्हणजे कॅनबॉक्स आणि त्या गाडीचाच तयार हार्नेस, म्हणजे कपलरसकट तारांचा जुडगा. कॅनबॉक्स गाडीचे संदेश वाचतो, चावी फिरली की सेटला एसीसी देतो, आणि बटणांची बातमी आरएक्स-टीएक्स या दोन तारांवरून सेटला सांगतो. गाडी पुरवत असेल तर उघडं दार, पार्किंग सेन्सर, मागे घेताना वळणाऱ्या रेषा, हेही पडद्यावर येतं. एकही तार कापावी लागत नाही.

अट एवढीच की तीन गोष्टी जुळायला हव्यात: गाडीचं मॉडेल आणि साल, हार्नेसचा कपलर, आणि सेटच्या फॅक्टरी सेटिंगमधलं कॅनबॉक्सचं नाव. रेझ, हायवर्ल्ड, सिंपल सॉफ्ट असे त्यांचे प्रकार असतात आणि यादीतून तुमच्या बॉक्सचा नेमका प्रकार निवडावा लागतो. चुकीचा निवडला तर सगळं जोडूनही बटणं मुकीच राहतात, आणि मग लोक बॉक्स खराब समजून बदलत बसतात. फॅक्टरी सेटिंगला पासवर्ड असतो. तो दुकानदाराकडून लिहूनच घ्या. सेट कधी रिसेट झाला तर त्याच्याशिवाय तुम्ही अडून बसाल.

माझ्या गाडीच्या दोन तारांच्या तुलनेत हे महाग आहे. पण कॅनच्या गाडीत ही किंमत बटणांची कमी आणि बॅटरी शाबूत ठेवण्याची जास्त आहे. भाच्याने विचारलं, "मामा, आता नुसता सेट लावून घेतला आणि बॉक्स चवथीनंतर घेतला तर?" मी नाही म्हटलं. पैसे आत्ता पुरत नसतील तर टेप बदलणंच पुढे ढकल.

रबरी पट्ट्याचा रिमोट

स्टेअरिंगला बांधायचा बिनतारी रिमोट सगळ्यात स्वस्त. ज्या गाडीला मुळातच बटणं नाहीत, खालच्या व्हेरियंटची आहे, तिला तो चालेल. त्यातही इन्फ्रारेडवाला घेऊ नका. स्टेअरिंग वळलं की त्याची नजर सेटवरून हटते. रेडिओ लहरींवर चालणारा घ्या, ज्याचा रिसीव्हर सेटच्या की-1, की-2 तारांना जोडता येतो. बांधायचा तो कडेवर, मधल्या एअरबॅगच्या झाकणावर कधीही नाही. एअरबॅग उघडली तर तो तुकडा थेट तोंडावर येईल. गाडीला स्वतःची बटणं असताना हा रिमोट विकत घेणं मला पटत नाही.

खालच्या व्हेरियंटवर वरच्या व्हेरियंटची बटणं बसवायचा मोह होतो. त्यासाठी मात्र एअरबॅग उतरवावी लागते, आणि जुन्या क्लॉक स्प्रिंगमध्ये तेवढ्या पट्ट्या नसतील तर तीही बदलावी लागते. ते काम कंपनीच्या वर्कशॉपमध्येच करून घ्या.

टेप न बदलणं हाही पर्याय आहे

कंपनीच्या टेपमध्ये वायरवरचं अँड्रॉइड ऑटो असेल आणि तक्रार फक्त फोनची तार लावण्याची असेल, तर यूएसबीत खोचायचा बिनतारी डोंगल पुरे. बटणं, वॉरंटी, डॅशबोर्ड, कशालाच हात लागत नाही. माझा टेप पुरता बंद पडला होता म्हणून मला हा मार्ग नव्हता.

भाच्याने शेवटी कॅनबॉक्स आणि हार्नेससकट सेट ठरवला आहे. काम म्हापशात, पण शुक्रवारी नाही. बाजाराच्या गर्दीत कारागीरही घाईत असतो आणि गाडी लावायलाही जागा नसते. दुकानात पहिलं वाक्य काय बोलायचं तेही त्याला सांगितलं आहे: "कंपनीचा कपलर कापायचा नाही." तार कापली की वॉरंटीतल्या गाडीचा विजेचा दावा कंपनी नाकारू शकते, आणि पोलोसारख्या जुन्या गाडीत पुढचा कारागीर कुठली तार कुठली हेच शोधत बसतो.

पॅनल बंद करण्याआधी प्रत्येक बटण दाबून बघायचं, फोन उचलायचं आणि ठेवायचंसुद्धा. चावी काढून गाडी कुलूपबंद करायची, दहा मिनिटं थांबायचं आणि बॅटरीच्या उणे तारेत, म्हणजे तार आणि बॅटरीचं टोक यांच्या मध्ये, मीटर लावून बघायचं. प्रवाह 50 मिलिअँपिअरच्या आत यायला हवा. मग एफएम लावून पणजी आकाशवाणीचं 105.4 लागतं का बघायचं. सेटवर अमेरिकेचा विभाग निवडलेला असेल तर तो 105.3 वरून थेट 105.5 वर उडी मारतो आणि मधलं केंद्र हातातून निसटतं. एवढं झालं की पैसे द्यायचे. आणि काढलेला जुना टेप दुकानात सोडायचा नाही, कापडात गुंडाळून घरी आणायचा. गाडी विकताना किंवा नवा सेट दुरुस्तीला गेला तर तोच कपलर, तोच टेप परत जागेवर बसतो.